एक विंडोज किती कॉम्प्युटरवर चालतं? गाळ्यापासून पॅकहाऊसपर्यंत परवान्याचा हिशोब



व्हिडिओमध्ये जे भराभर सांगितलं, ते इथे निवांत लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, कारण शेवटी गृहपाठ आहे.

आपल्याकडे नेहमी असं होतं. पिंपळगाव बसवंतच्या मार्केट यार्डात गाळा आहे, सीझन सुरू होतोय, एक कॉम्प्युटर वाढवायचाय. कॉम्प्युटरवाला पोरगा येतो, खिशातून पेनड्राइव्ह काढतो आणि अर्ध्या तासात विंडोज टाकून देतो. "भाऊ, तुमच्याकडे ओरिजिनल आहेच की, तेच टाकलं." आपण पाचशे रुपये देतो आणि विषय संपला असं समजतो. पण विषय तिथे सुरू होतो.

मूळ नियम: एक परवाना, एक कॉम्प्युटर

आपण विंडोज "विकत घेतो" असं म्हणतो, पण प्रत्यक्षात घेतो तो वापरण्याचा परवाना. मायक्रोसॉफ्टच्या साध्या परवान्यात एका वेळी एकाच कॉम्प्युटरवर एकच प्रत चालवायची मुभा असते. दोन नाही, "घरचा एक आणि दुकानातला एक" असंही नाही.

पिकअपच्या नंबर प्लेटसारखं समजा. एकच नंबर तीन गाड्यांना लावला तर तिन्ही गाड्या चालतील. पण कागद एकाच गाडीचे आहेत. म्हणून हे वाक्य लिहून ठेवा: विंडोज ॲक्टिव्हेट झालं म्हणजे परवाना मिळाला असं नाही.

परवान्याचे तीन प्रकार

१. ओईएम: नव्या ब्रँडेड लॅपटॉप-डेस्कटॉपसोबत येतो. तो त्या मशिनलाच बांधलेला असतो. मशिन विकलं तर परवानाही त्याच्यासोबत जातो. मशिन भंगारात गेलं तर परवानाही गेला. तो काढून दुसऱ्यावर टाकता येत नाही.

२. रिटेल: वेगळा विकत घेतलेला. हा दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेता येतो, पण आधी पहिल्यावरून काढावा लागतो.

३. व्हॉल्यूम: संस्थेने करार करून घेतलेला. किती मशिन हे करारात असतं. आणि हा बहुधा अपग्रेडचा परवाना असतो, म्हणजे मशिनवर मुळात एक वैध विंडोज लागतंच.

उदाहरण सोडवू

समजा एका कांदा-द्राक्ष व्यापाऱ्याकडे चार कॉम्प्युटर आहेत.

- लॅपटॉप: ब्रँडेड, विंडोज सोबत आलेलं. परवाना आहे.
- हिशोबाचा डेस्कटॉप: असेंबल केलेला, रिटेल विंडोज बिलासह घेतलेलं. परवाना आहे.
- वजनकाट्यावरचा डेस्कटॉप: असेंबल केलेला, हिशोबाच्या मशिनचीच की टाकलेली. परवाना नाही.
- पॅकहाऊसमधला डेस्कटॉप: नाशिकहून सेकंडहँड आणलेला, ब्रँडेड. मूळ विंडोज होमचं, पण आता त्यावर प्रो टाकलंय. होमचा परवाना आहे, प्रोचा नाही. परत होम टाकलं की प्रश्न मिटला.

चार मशिन, खरेदी एकाची बाकी. काट्यावर फक्त ब्राउझर आणि साध्या शीट लागत असतील, तर तिथे उबुंटूसारखं लिनक्स आणि लिब्रेऑफिस टाका. ते कितीही मशिनवर टाकलं तरी कायदेशीर आहे. मात्र काट्याचं सॉफ्टवेअर आणि प्रिंटर त्यावर चालतात का, हे आधी तपासा. सीझनच्या आदल्या दिवशी प्रयोग करू नका.

"पण वीस कॉम्प्युटर चालतात ना?"

हा गैरसमज कुठून आला ते सांगतो. परवान्यात लिहिलंय की तुमच्या विंडोज मशिनला इतर २० पर्यंत उपकरणं जोडता येतात. पण कशासाठी? फाइल शेअर करायला, प्रिंटर वापरायला, इंटरनेट वाटून घ्यायला. म्हणजे ऑफिसातल्या प्रिंटरवर काट्यावरून हिशोबपट्टी छापली तर चालतं. त्या २० मशिनवर तेच विंडोज टाकायची परवानगी यात नाही.

तसंच, विंडोज १० वरून ११ वर अपग्रेड केलं म्हणजे जुनं विंडोज दुसऱ्या मशिनसाठी मोकळं झालं असंही नाही. परवाना एकच राहतो.

टॅलीचा हिशोब वेगळा धरा. सिल्व्हर एका वापरकर्त्यासाठी, गोल्ड एकाच लॅनवरच्या अनेकांसाठी. पण टॅली गोल्ड घेतलं म्हणून त्या मशिनवरच्या विंडोजला परवाना मिळत नाही.

कायदा काय म्हणतो

कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम ६३ब पाहा. बेकायदा प्रत आहे हे माहीत असूनही ती कॉम्प्युटरवर वापरली, तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वापर कमाईसाठी किंवा धंद्यासाठी नसेल, तर कोर्ट कैद टाळून ५० हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. पण आपण गाळ्यावर बसून पट्ट्या करतो, तो धंदाच आहे. म्हणजे ही सवलत आपल्यासाठी नाही.

दुसरा धोका रोजचा. फुकट ॲक्टिव्हेट करणारी छोटी प्रोग्रॅम चालवायची, तर आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. ज्या मशिनमध्ये शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक आणि येणं-देणं आहे, त्याचं दार आपणच उघडतो. डेटा लॉक झाला तर पट्ट्या थांबतात, पेमेंट थांबतं, आणि गाळ्यावर उत्तर आपल्याला द्यावं लागतं, पेनड्राइव्हवाल्याला नाही.

गृहपाठ

१. वहीत प्रत्येक कॉम्प्युटरची एक ओळ करा: कुठे आहे, ब्रँड की असेंबल, विंडोज होम की प्रो.

२. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. एस-एल-एम-जी-आर, मग स्पेस, स्लॅश, डी-एल-आय असं इंग्रजीत टाइप करून एंटर करा. ओईएम, रिटेल की व्हॉल्यूम ते दिसेल. कसलाही करार नसताना व्हॉल्यूम दिसलं, तर समजून जा.

३. प्रत्येक ओळीसमोर बिल लावा. बिलावर आपल्या फर्मचं नाव आणि जीएसटी नंबर हवा. फक्त व्हॉट्सॲपवर आलेली की म्हणजे बिल नव्हे.

४. ज्या ओळीसमोर कागद नाही, तिथे विकत घ्या, लिनक्स टाका किंवा मशिन बंद करा.

मालाची पावती आपण जपून ठेवतो, तशीच विंडोजचीही ठेवा. सीझन सुरू व्हायच्या आत ही यादी पूर्ण करा. भेटू पुढच्या धड्यात.