आईला 'तू' म्हणावे का?

तुम्ही घरी अम्मीशी कसे बोलता? तुमच्यापैकी बहुतेक जण म्हणत असतील, 'अम्मी, आप खाना खा लीजिए.' आता शेजारच्या मराठी घरात कान देऊन ऐका. तुमच्याच वयाची मुलगी विचारते, "आई, तू जेवलीस का?" तुम्हांला धक्का बसतो. वाटते, किती उद्धट मुलगी ही!

माझ्या वर्गात एकदा असेच घडले. 'गावी गेलेल्या आईला पत्र लिहा,' असे मी सांगितले होते. एका मुलीने लिहिले, 'अम्मी, तुम्ही केव्हा येणार? तुमच्याशिवाय घर सुने वाटते.' मी 'तुम्ही'वर लाल रेघ मारली आणि वर 'तू' लिहिले. मराठीच्या रीतीप्रमाणे माझे बरोबरच होते. पण वही पाहताच तिचे डोळे भरून आले. ती हळूच म्हणाली, "सर, अम्मीशी अशी बेअदबी मी कशी करू?"

मी गप्प झालो. ही चूक व्याकरणाची नव्हतीच.

मराठीत भांडताना समोरच्याला कमी लेखायचे असले, की 'तू' म्हणतात. पण अगदी जवळच्या माणसालाही 'तू'च म्हणतात. आई, आजी, ताई, दादा ही सारी 'तू'. वडिलांना मात्र अनेक घरांत 'तुम्ही' म्हणतात. अलीकडे पुष्कळ मुले बाबांनाही 'तू' म्हणू लागली आहेत. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' हे पुस्तक लिहिले. त्यातला श्याम आईला 'तू'च म्हणतो. पण त्याच्याइतकी आईवर भक्ती करणारा मुलगा विरळाच!

मी त्या मुलीला विचारले, "दुआ मागताना तू अल्लाहला 'आप' म्हणतेस का?"

"नाही सर, 'तू' म्हणते."

"मग ती बेअदबी होते का?"

ती थोडी हसली. जवळिकीचा हा 'तू' उर्दूतही आहेच. फक्त तो अम्मीच्या वाट्याला आलेला नाही.

हाक मारतानाही लक्ष ठेवा. उर्दूतले 'अरे' मुलाला आणि मुलीला, दोघांनाही चालते. मराठीत मित्राला 'अरे', मैत्रिणीला 'अगं' आणि शिक्षकांना 'अहो सर' म्हणतात.

मैत्रिणीच्या आईने थालीपीठ वाढले आणि तुम्ही 'धन्यवाद' म्हणालात, तर ती हसेल. म्हणेल, "अगं, धन्यवाद कसले? अजून एक घे!" घरच्या माणसांत आभार मानले, की परकेपणा वाटतो. तिच्या हसण्याचा राग मानू नका. (मराठीत राग गायचाही असतो आणि यायचाही!) निघताना 'जाते' म्हणू नका, 'येते' म्हणा. 'जाते' हा शब्द निरोपाच्या वेळी अशुभ मानतात.

त्या पत्रावरची लाल रेघ मी खोडली. ती मुलगी आपल्या अम्मीला लिहीत होती आणि अम्मीशी ती तशीच बोलते. पुढच्या आठवड्यात मी मराठी घरातल्या आई आणि मुलीचा संवाद लिहायला दिला. तिच्या वहीतली मुलगी म्हणत होती, "अगं आई, तू दमलीस, जरा बस ना!"

मी खाली लाल शाईने लिहिले, 'छान.'