लाइन मोठी, तरी फाईल का रखडते? दोन कार्यालयांमधल्या मंद फाईल शेअरिंगचा शोध

लॅन आणि वॅन यांतला फरक तुम्ही पुस्तकात वाचलाच आहे. एका इमारतीतले जाळे ते लॅन आणि दूरदूरच्या कार्यालयांना जोडणारे जाळे ते वॅन. परीक्षेत एवढे लिहिले तरी गुण मिळतात. पण उद्या नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात कोणीतरी येऊन सांगेल, "अहो, शाखेतून सर्व्हरवरची फाईल उघडतच नाही हो, बघा जरा." तेव्हा व्याख्या उपयोगी पडत नाही. तिथे क्रमाने शोध घ्यावा लागतो. आज आपण तोच क्रम शिकूया.

उदाहरण

समजा, एका संस्थेचे मुख्य कार्यालय पुण्यात आहे आणि शाखा नागपूरला. फाईल सर्व्हर पुण्यात आहे. दोन्हीकडे १०० एमबीपीएसची लाइन असून मध्ये व्हीपीएन आहे. पुण्यात बसलेल्या माणसाला सर्व्हरवरचे ५०० फायलींचे फोल्डर एका सेकंदात दिसते. नागपूरच्या माणसाला त्यासाठी मिनिटभर थांबावे लागते. ५० एमबीची फाईल कॉपी करायला त्याला २३ सेकंद लागतात.

आता साधा हिशेब करा. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ एमबी. ५० एमबीला ४ सेकंद पुरायला हवेत. मग उरलेली १९ सेकंदे गेली कुठे?

बहुतेक ठिकाणी यावर एकच उत्तर निघते, ते म्हणजे लाइन वाढवा. २०० एमबीपीएस घेतली जाते, दर महिन्याचे बिल वाढते आणि फाईल मात्र तेवढाच वेळ घेते. नुकसान पैशापुरते राहत नाही. कंटाळलेले लोक फाईल पेन ड्राइव्हवर नाहीतर ईमेलने पाठवू लागतात. एकाच पगारपत्रकाच्या तीन प्रती तयार होतात आणि खरी कोणती हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून आजच्या पाठाचे सूत्र लक्षात ठेवा : लाइन वाढवण्याआधी फेरीचा वेळ मोजा.

रुंदी वेगळी, अंतर वेगळे

विहिरीवरून पाणी आणायचे आहे असे धरा. पायवाट कितीही रुंद केली तरी विहीर जवळ येत नाही. तुम्ही एकटे एक घागर घेऊन जात असाल तर दिवसभरात किती पाणी येईल हे तीन गोष्टींवर ठरते : घागर केवढी, विहीर किती लांब आणि खेपा किती. पायवाटेची रुंदी म्हणजे बँडविड्थ, विहिरीचे अंतर म्हणजे लेटन्सी आणि घागरीचा आकार म्हणजे टीसीपीची विंडो.

अंतराला निसर्गाचीच मर्यादा आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. पुणे ते नागपूर सुमारे ७०० किलोमीटर धरले तर जाऊन-येऊन किमान ७ मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात केबल सरळ रेषेत जात नाही. वाटेत राउटर आणि व्हीपीएनची यंत्रे असतात, त्यामुळे वेळ वाढतो. आपल्या उदाहरणात एका फेरीला ३० मिलिसेकंद धरू. लॅनवर हीच फेरी अर्ध्या मिलिसेकंदात होते.

फाईल रखडण्याची दोन मुख्य कारणे

१) घागर लहान. टीसीपीमध्ये पाठवणारा एका वेळी ठरावीक माहिती पाठवतो आणि पोच येईपर्यंत थांबतो. जुन्या पद्धतीत ही विंडो जास्तीत जास्त ६५,५३५ बाइटची असते. ३० मिलिसेकंदांत ६५,५३५ बाइट म्हणजे सेकंदाला सुमारे २.१८ एमबी, म्हणजेच साडेसतरा एमबीपीएस. ५० एमबी भागिले २.१८ केले की उत्तर २३ सेकंद! लाइन १०० ची असो की १००० ची, हा आकडा हलत नाही. १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण भरायची तर १०० एमबीपीएस गुणिले ०.०३ सेकंद, म्हणजे ३० लाख बिट किंवा ३७५ केबी एवढी विंडो हवी. यासाठी १९९२ सालीच विंडो स्केलिंगची सोय प्रमाणित झाली आणि विंडोज व्हिस्टापासून विंडोज स्वतःच विंडो लहान-मोठी करते. पण कोणी सेटिंग बंद केले असेल किंवा मधल्या जुन्या फायरवॉलने ही सोय काढून टाकली असेल, तर घागर पुन्हा लहान होते.

२) खेपा फार. फाईल शेअरिंगसाठी विंडोज एसएमबी नावाचा प्रोटोकॉल वापरते. फोल्डर उघडा, फाईलची माहिती द्या, परवानगी तपासा, थोडे वाचा, बंद करा, अशा प्रत्येक कामाला विचारणा आणि उत्तर लागते. समजा, ५०० फायलींसाठी प्रत्येकी ४ फेऱ्या झाल्या. एकूण २,००० फेऱ्या. लॅनवर २,००० गुणिले अर्धा मिलिसेकंद म्हणजे १ सेकंद. वॅनवर २,००० गुणिले ३० मिलिसेकंद म्हणजे ६० सेकंद! पुण्याचा एक सेकंद नागपूरला मिनिट का झाला, ते आता कळले ना?

एसएमबीची पहिली आवृत्ती या बाबतीत फारच बडबडी. तिच्यात शंभराहून जास्त आज्ञा होत्या. व्हिस्टाबरोबर आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत त्या १९ वर आणल्या आणि अनेक विचारण्या एकत्र पाठवण्याची सोय केली. विंडोज ७ बरोबर आलेल्या २.१ आवृत्तीत एका वेळी १ एमबीपर्यंत वाचता येऊ लागले.

शोधाचा क्रम

पायरी १ : तक्रार नीट लिहून घ्या. "स्लो आहे" ही तक्रार झाली, माहिती नव्हे. विचारा : कोणती फाईल? उघडताना वेळ लागतो की सेव्ह करताना? एकालाच की सगळ्यांना? दिवसभर की फक्त सकाळी ११ वाजता? सुरुवातीला बराच वेळ अडकून मग झटकन चालते का? असे असेल तर सर्व्हरचे नाव शोधण्यात किंवा बंद पडलेल्या मॅप ड्राइव्हमध्ये दोष असू शकतो. लाइनला उगाच दोष देऊ नका.

पायरी २ : पिंग करा. नागपूरहून पुण्याच्या सर्व्हरला किमान १०० पिंग पाठवा. एकदा कामाच्या गर्दीत आणि एकदा कार्यालय सुटल्यावर. सरासरी वेळ आणि हरवलेली पॅकेट दोन्ही वहीत लिहा. गर्दीतच वेळ वाढत असेल तर लाइन खरोखर भरते आहे. रात्रीही तेवढाच वेळ असेल तर ते अंतर आहे.

पॅकेट हरवण्याकडे दुर्लक्ष करू नका. "शंभरात एकच तर गेले" असे म्हणू नये. पॅकेट हरवले की टीसीपी वेग कमी करते. मॅथिस आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली मांडलेल्या सूत्राने पारंपरिक टीसीपीचा अंदाज काढला, तर ३० मिलिसेकंद आणि १ टक्का हानी असताना एका जोडणीला जेमतेम ४ ते ५ एमबीपीएस मिळतात.

पायरी ३ : फायली बाजूला ठेवून लाइन मोजा. दोन्ही टोकांच्या संगणकांवर आयपर्फ-३ चालवा. आधी एक जोडणी, मग एकाच वेळी आठ. संध्याकाळी करा, नाहीतर तुमच्याच चाचणीने लोकांचे काम अडेल. निकाल असा वाचा :

- एका जोडणीला १७ आणि आठ मिळून ९० च्या पुढे : लाइन ठणठणीत आहे, दोष विंडोचा.
- एका जोडणीलाच ९० च्या पुढे, तरी फाईल मंद : दोष एसएमबीच्या खेपांचा किंवा सर्व्हरचा.
- आठ जोडण्या मिळूनही आकडा कमीच : लाइन, पॅकेटची हानी किंवा उपकरणाची जोडणी तपासा. एका टोकाला फुल डुप्लेक्स हाताने ठरवलेले आणि दुसरे टोक ऑटोवर असेल, तर दुसरे टोक हाफ डुप्लेक्सवर येऊ शकते. मग गर्दी झाली की वेग कोसळतो.

पायरी ४ : पॅकेटचा आकार तपासा. व्हीपीएन प्रत्येक पॅकेटला आपले वेष्टण घालते, त्यामुळे नेहमीचे १५०० बाइटचे पॅकेट मावत नाही. तुकडे करू नका असे सांगून १४७२ बाइटचा पिंग पाठवा. त्यात २८ बाइटचे हेडर मिळवले की १५०० होतात. तो गेला नाही तर आकडा कमी करत जा. जिथे पिंग जातो तो तुमच्या वाटेचा खरा आकार. राउटरवर टीसीपीचा एमएसएस त्याप्रमाणे लावून घ्या.

पायरी ५ : एसएमबीची आवृत्ती पाहा. शेअर उघडे ठेवून नागपूरच्या संगणकावर पॉवरशेलमध्ये गेट-एसएमबीकनेक्शन ही आज्ञा द्या. डायलेक्ट या रकान्यात ३.१.१ किंवा निदान ३ ने सुरू होणारा आकडा हवा. जुन्या स्टोरेज पेटीमुळे तिथे १.५ दिसले, तर ती पहिली आवृत्ती आहे. ती मंद तर आहेच, शिवाय धोकादायक आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर याच आवृत्तीतल्या छिद्रातून पसरले होते.

पायरी ६ : तरीही उलगडा झाला नाही तर वायरशार्क लावा. ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरची देवाणघेवाण पकडा. विचारणा आणि उत्तर यांमध्ये दर वेळी ३० मिलिसेकंदच जात असतील तर दोष खेपांचा. एखाद्या उत्तराला ५०० मिलिसेकंद लागत असतील आणि पिंग मात्र ३० चाच असेल, तर सर्व्हर किंवा त्याची डिस्क दमलेली आहे. मग वॅनला बोल लावण्यात अर्थ नाही.

उपाय निदानाप्रमाणे

विंडोचा दोष असेल तर ऑटो-ट्यूनिंग 'नॉर्मल'वर आहे का ते पाहा आणि फायरवॉल अद्ययावत करा. खेपांचा दोष असेल तर खेपा कमी करा : हजारो लहान फायली एकत्र झिप करून पाठवा, शाखेत एक्सप्लोररचा प्रीव्ह्यू बंद ठेवा, एकाच फोल्डरमध्ये हजारो फायली साठवू नका. मोठ्या प्रमाणावर कॉपी करायची असेल तर रोबोकॉपीमध्ये अनेक धागे एकदम चालवता येतात. आपण काही न सांगता एमटी हा पर्याय दिला तर ते आठ असतात. म्हणजे एकाऐवजी आठ माणसे घागर घेऊन निघाली!

शाखेत त्याच त्या फायली पुन्हा पुन्हा वाचल्या जात असतील तर ब्रँचकॅश उपयोगी पडते. एकदा आलेली माहिती शाखेतच साठून राहते. डीएफएस रेप्लिकेशनने दोन्हीकडे प्रत ठेवता येते, पण इथे एक धोका ओळखा. ते फाईलला दोन्ही ठिकाणी कुलूप लावत नाही. पुणे आणि नागपूर दोघांनी एकच फाईल एकाच वेळी बदलली तर शेवटी सेव्ह केलेली टिकते आणि दुसऱ्याची मेहनत बाजूला पडते. म्हणून ज्या फायली एकच बाजू बदलते, त्यांनाच हा उपाय लावा.

ॲक्सेससारखी फाईलमधली डेटाबेस वॅनवरून उघडूच नये. ती मंद चालते, आणि मध्येच लाइन तुटली तर फाईल बिघडू शकते. अशा कामाला रिमोट डेस्कटॉप बरा : प्रोग्राम आणि माहिती दोन्ही पुण्यातच राहतात, नागपूरला फक्त पडदा दिसतो.

आणि हो, लाइन वाढवणे हाही उपाय आहेच. पण गर्दीच्या वेळी ती खरोखर भरते असे तुमच्या वहीतले आकडे सांगत असतील तेव्हाच. एक वेळी एकच बदल करा, पुन्हा मोजा आणि मगच पुढचा करा. दोन बदल एकदम केले तर गुण कशाने आला ते कळणार नाही.

स्वाध्याय

१) फेरीचा वेळ ६० मिलिसेकंद आणि विंडो ६५,५३५ बाइट असेल तर एका जोडणीला जास्तीत जास्त किती एमबीपीएस मिळतील?

२) २०० एमबीपीएसची लाइन ४० मिलिसेकंदांच्या अंतरावर पूर्ण भरायला किती मोठी विंडो लागेल?

३) एका शाखेत दुपारी पिंग १८० मिलिसेकंद येतो आणि रात्री २८. दोष अंतराचा की गर्दीचा? कारण द्या.

उत्तरे : १) सुमारे ८.७ एमबीपीएस. २) ८० लाख बिट, म्हणजे १० लाख बाइट किंवा १ एमबी. ३) गर्दीचा, कारण अंतर रात्री कमी होत नाही.

तिसऱ्या प्रश्नातल्या शाखेला लाइन वाढवून मिळाली तर पैसा सार्थकी लागेल. पहिल्या प्रश्नातल्या शाखेला मात्र नाही. हा फरक कार्यालयातल्या साहेबांना कागदावर आकडे मांडून समजावता आला, की पाठ खऱ्या अर्थाने समजला असे समजा.