पाण्यातील फ्लोराइड आणि दातांचे आरोग्य

काही मुलांच्या दातांवर पांढुरके पट्टे किंवा तपकिरी डाग असतात. कितीही घासले तरी ते जात नाहीत. ‘हा दात घासत नाही’ असा ठपका मात्र मुलावर बसतो आणि ते तोंडावर हात धरून हसू लागते. वास्तविक हा दोष अनेकदा मुलाचा नसून पाण्याचा असतो. तथागतांनी दुःख, दुःखाचे कारण, निरोध आणि मार्ग असा विचारक्रम शिकविला. या विकाराचा विचारही त्याच क्रमाने करू.

दुःख : या विकारास दंत-फ्लोरोसिस म्हणतात. साधारणतः आठव्या वर्षापर्यंत कायमच्या दातांचे कठीण आवरण, म्हणजे इनॅमल, घडत असते. त्या काळात शरीरात अधिक फ्लोराइड गेल्यास हे आवरण सच्छिद्र बनते. पुढे त्यावर डाग व खड्डे पडतात. असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यास हाडे व सांधेही ताठरतात.

कारण : अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे १९०१ मध्ये दंतवैद्य फ्रेडरिक मॅके यांना असे डाग आढळले. त्यांचे कारण पाण्यातील फ्लोराइड हे आहे, हे १९३१ मध्ये सिद्ध झाले. आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्याच्या पूर्व भागात ग्रॅनाइटी खडक आहेत. अशा खडकांतील खनिजांमधून फ्लोराइड भूजलात उतरते. उदगीरचा काळा बेसॉल्ट त्या मानाने सौम्य आहे. तथापि दुष्काळामुळे विंधन विहिरी खोल जात असताना तपासणीवाचून निर्धास्त राहणे योग्य नव्हे.

निरोध : अल्प प्रमाणातील फ्लोराइड दात किडण्यापासून रक्षण करते, अपाय अतिरेकाचा आहे. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा असून दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. थोरल्याच्या दातांवरील डाग घासून निघणार नाही, परंतु धाकट्याचे दात निश्चित वाचविता येतील.

मार्ग : फ्लोराइडला रंग, वास वा चव नसते, म्हणून प्रयोगशाळेतील तपासणी हाच पहिला उपाय होय. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने तुरटी व चुना वापरून ते कमी करणारी ‘नालगोंडा पद्धत’ विकसित केली आहे. साठविलेले पावसाचे स्वच्छ पाणी हाही चांगला पर्याय आहे. लहान मुलांनी टूथपेस्ट वाटाण्याएवढीच घ्यावी व गिळू नये.

१९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क मिळविण्यासाठी सत्याग्रह केला. ते पाणी निर्दोष असावे, हे पाहणे आता आपले कर्तव्य आहे. निवासी शाळेतील मूल अनेक वर्षे एकाच स्रोताचे पाणी पिते. म्हणून पाण्याचा तपासणी अहवाल दरवर्षी शाळेच्या सूचनाफलकावर लागावा आणि तो वाचण्याची सवय विद्यार्थ्यांना लागावी.