उरलेल्या टर्कीचा बंदोबस्त

लिंकन यांच्या १८६३ मधील जाहीरनाम्याने राष्ट्रीय स्वरूप पावलेला आणि १९४१ च्या कायद्याने नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी कायम झालेला थँक्सगिव्हिंगचा सण अमेरिकेतील मराठी घरांनी आता मनापासून स्वीकारला आहे. माणशी एक पौंड हा तिकडचा शिरस्ता धरून टर्की आणली, तरी आपल्या पंगतीत निम्मी मंडळी शाकाहारी आणि उरलेल्यांच्या ताटात मसालेभात, पुऱ्या, श्रीखंड, त्यामुळे पंधरा-सोळा पौंडांच्या पक्ष्यातील निम्म्याहून अधिक मांस सहज शिल्लक राहते. या शिलकेचे दुसऱ्या दिवशी काय करावे, याची चर्चा प्रत्येक घरात होते. परंतु तिचे भवितव्य सणाच्या संध्याकाळीच ठरून चुकलेले असते, हे न्यू जर्सीतील एका परिचित कुटुंबात जे घडले ते पाहिल्यानंतर मला निःशंकपणे सांगावेसे वाटते.

त्या घरी मी सणासाठी मुक्कामाला होतो. टर्की दुपारी तीनच्या सुमारास ओव्हनमधून बाहेर निघाली, वाढून झाली, आणि पाहुण्यांची ये-जा व गप्पा चालू असल्यामुळे रात्री उशिरापर्यंत टेबलावरच राहिली. मग तो अर्धामुर्धा सांगाडा तसाच अखंड, वरून फॉइल गुंडाळून, फ्रिजमध्ये दाखल झाला. शुक्रवारी दुपारी त्याच मांसाचा पुलाव झाला, त्यात मांस अगदी शेवटी घालून नुसती वाफ दिलेली. रात्री एकेकाच्या पोटात मुरडा सुरू झाला. मोठी माणसे दिवसभरात सावरली. परंतु यजमानांचे वडील, साताऱ्याहून काही महिन्यांसाठी आलेले, पंचाहत्तरी ओलांडलेले, अंगातले पाणी कमी होऊन इतके गळून गेले की त्यांना इस्पितळात न्यावे लागले. "भाऊजी, वासात तर काहीच नव्हतं हो," असे वहिनी मला पुन्हा पुन्हा सांगत होत्या, आणि त्या अक्षरशः खरे सांगत होत्या.

वास नसतो, हेच या प्रकरणातील मर्म आहे. शिजवलेल्या मांसाच्या मोठ्या गोळ्यावर प्रादुर्भाव करणारा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाचा एक जंतू आहे. त्याचे बीजाणू शिजवण्याच्या उष्णतेतूनही तग धरतात आणि पदार्थ हळूहळू निवत असताना कोमट अवस्थेत झपाट्याने वाढीस लागतात. असे अन्न पोटात गेल्यापासून सहा ते चोवीस तासांत पोटदुखी आणि जुलाब सुरू होतात, आणि सुदृढ माणसाला ते बहुधा एका दिवसात सोडून जातात. वृद्धांना आणि बालकांना मात्र एवढी झीजही जड जाते. मसाल्याने चव झाकली जाते, दोष जात नाही. पुन्हा खळखळून उकळल्याने वाढीस लागलेले हे जंतू मरतात हे खरे, परंतु दुसऱ्या काही जंतूंनी मांसात आधीच सोडलेले विष उकळीलाही दाद देत नाही. म्हणून उद्याच्या आचेवर भिस्त ठेवून आज हयगय करणे सर्वस्वी धोक्याचे आहे.

तेव्हा पंगत उठताच, शीतपेये आणि विडे निघण्यापूर्वी, घरातील एका माणसाकडे हे काम नेमून द्यावे. ओव्हनमधून पक्षी बाहेर काढल्यापासून दोन तासांची मुदत आहे. चाळीस ते एकशे चाळीस अंश फॅरेनहाइट या पट्ट्यात अन्न त्याहून अधिक काळ राहू नये. पोटातले सारण आधी काढावे, मांस हाडांवरून सोडवावे, आणि उथळ भांड्यांत, दोन इंचांहून जाड थर होणार नाही असे पसरून फ्रिजमध्ये ठेवावे. अखंड सांगाडा आतून निवायला फार वेळ लावतो. नोव्हेंबरची थंडी आहे म्हणून पातेले मागच्या ओट्यावर किंवा गॅरेजमध्ये ठेवण्याची चाल मी अनेक घरांत पाहिली आहे. तिचा भरवसा धरू नये, कारण बाहेरचे हवामान आपल्या हुकमात नसते.

आता स्वयंपाकाकडे वळू. छातीचे पांढरे मांस आणि मांडीचे गडद मांस हे दोन वेगळे जिन्नस समजून पहिल्या रात्रीच वेगळ्या डब्यांत भरावेत. मांडीचे मांस मसाल्यात मुरून शिजते, खिम्याला आणि तांबड्या रश्श्याला तेच उत्तम. छातीचे मात्र एकदा भाजून कोरडे झालेले असते, ते रश्श्यात घोळवून पुरते गरम होण्यापुरतेच चुलीवर ठेवावे, अधिक शिजवल्यास त्याचे दोरे होतात. पुरते गरम म्हणजे १६५ अंश फॅरेनहाइट. तापमापक घरात ठेवावा. हाडांची अळणी काढावी, जशी कोल्हापुरात मटणाची काढतात: कांदा, आले, लसूण, तमालपत्र घालून दोन-तीन तास मंद आचेवर. तिच्यात नारळाचे दूध, खसखस आणि पांढऱ्या मिरीचे वाटण घातले की जो पांढरा रस्सा होतो, तो कोणत्याही शिळ्या जेवणाची आठवण होऊ देत नाही. मिठाबद्दल मात्र विशेष जपावे. बाजारातील पुष्कळ गोठवलेल्या टर्कींत मिठाचे पाणी आधीच भरलेले असते, म्हणून चाखल्यावाचून चिमूटभरही मीठ टाकू नये. टर्कीला आपला तिखट मसाला मानवत नाही असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. मिरची आणि टर्की दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या, आणि १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगीर बादशहाला रुजू केलेल्या नजराण्यांत टर्की होती; उस्ताद मन्सूरने काढलेले तिचे चित्र आजही उपलब्ध आहे.

फ्रिजमधली ही बेगमी तीन-चार दिवसांतच संपवावी. त्याहून जास्त असेल तर पहिल्याच दिवशी लहान पुड्यांत तारीख घालून गोठवावी. अळणी पातेल्यातच निवत ठेवू नये. पातेले बर्फाच्या पाण्यात उभे करून ढवळावे आणि मगच डब्यांत भरावी, गोठताना ती फुगते म्हणून वर बोटभर जागा सोडावी.

राहिले पाहुण्यांचे डबे. आपण प्रेमाने डबा भरतो आणि तो दोन-अडीच तास गाडीच्या उबेत प्रवास करतो. असा डबा टेबलावरच्या कोमट मांसाने न भरता फ्रिजमध्ये गार झालेल्या मांसाने भरावा, बर्फाच्या पिशवीसह द्यावा. आणि घेणाऱ्यानेही संकोच न करता, हे मांस आत किती वाजता ठेवले, हे घरधनिणीला विचारावे.