अम्माऊसची वाट आणि निर्वासितांचे दुःख

(शास्त्रपाठ : लूक २४:१३-३५)

यरुशलेमातील त्या भयंकर प्रसंगानंतर दोन शिष्य अम्माऊसला चालले होते. प्रभूला सर्व ठाऊक होते. तरी काय घडले ते त्याने प्रथम त्यांच्याच तोंडून ऐकून घेतले. शास्त्राचा उलगडा त्यानंतर केला. हा क्रम आपण ध्यानात ठेवावा.

युद्धातून जीव घेऊन पळालेल्या कित्येकांच्या मनात तो प्रसंग संपतच नाही. रात्री दचकून जाग येते, मोठा आवाज होताच कापरे भरते, मागचे आताच घडत आहे असे वाटते. १९८० साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांनी आपल्या आजारांच्या यादीत याची स्वतंत्र नोंद केली. हा आजार आहे, विश्वासाचा उणेपणा नव्हे.

जर्मनीतील कॉन्स्टान्झ विद्यापीठाच्या मॅगी शाउअर, फ्रँक नॉयनर व थॉमस एल्बर्ट यांनी अशांसाठी एक उपचार तयार केला. प्रथम जमिनीवर एक दोरी पसरतात. ती त्या माणसाचे आयुष्य होय. दुःखाच्या जागी दगड व आनंदाच्या जागी फूल ठेवतात. पुढील बैठकींत तो जन्मापासून क्रमाने आपली हकिगत सांगतो. दगडापाशी आल्यावर घाई करीत नाहीत. काय दिसले, काय ऐकले, मनात काय आले, ते सावकाश सांगू देतात. ऐकणारा ते लिहून घेतो व पुढच्या भेटीत वाचून दाखवितो. अशा रीतीने विस्कटलेल्या आठवणीला काळ आणि ठिकाण मिळते : ते तेव्हा, तेथे घडले, आज मी येथे आहे.

युगांडात राहणाऱ्या ४३ सुदानी निर्वासितांवरील अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. एका वर्षानंतर, या उपचाराच्या चार बैठकी मिळालेल्यांपैकी २९ टक्के लोक आजारी होते. नुसता धीर देणारे समुपदेशन मिळालेल्यांपैकी ७९ टक्के. पुढे त्याच देशातील नाकिवाले वसाहतीत निर्वासितांतूनच निवडून शिकविलेल्या साध्या माणसांनी हे काम केले, आणि बहुतेकांना गुण आला, असे २००८ च्या अभ्यासात दिसले.

दुःखिताला "झाले गेले विसरा, प्रार्थना करा" असे आपण चटकन म्हणतो. प्रार्थना अवश्य करावी. परंतु तिच्या आड त्याचे तोंड बंद करू नये. तसेच शिक्षणावाचून कोणाची जखम उकरूही नये. संकट घडताच एका बैठकीत सगळे वदवून घेणे हिताचे नसते. त्याने बोलावेसे वाटून बोलावे, आपण न तोडता ऐकावे, आणि झोप व कामधंदा बिघडला असेल तर त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे सोबत घेऊन जावे. सोबत चालणे हेही अम्माऊसच्या वाटेवरचेच काम आहे.

मननासाठी प्रश्न
१. प्रभूने शिकविण्याआधी ऐकून का घेतले?
२. आपल्या मंडळीत कोणाचे दुःख आपण घाईने मिटविले आहे काय?
३. शब्बाथ शाळेतील एखादे मूल एकाएकी गप्प राहू लागले, तर शिक्षकाने काय करावे व काय टाळावे?