आवाज पोहोचला, पण शब्द पोहोचला का?

जत किंवा आटपाडीहून वसतिगृहातील मुलाशी बोलणाऱ्या आईचा पहिला प्रश्न असतो, "आवाज येतोय का?" दूरसंचारशास्त्र हाच प्रश्न मोजपट्टी लावून विचारते.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९६ सालच्या 'पी. ८००' या शिफारशीत त्याची पद्धत दिली आहे. शांत खोलीत श्रोत्यांना दूरध्वनीवरून आलेली वाक्ये ऐकवतात. प्रत्येक जण गुण देतो : उत्कृष्ट ५, चांगला ४, बरा ३, खराब २, अतिशय खराब १. या गुणांची सरासरी म्हणजे त्या आवाजाचा दर्जा. दर वेळी माणसे जमविणे खर्चिक असते. म्हणून २००१ मध्ये 'पेस्क' व २०११ मध्ये 'पोल्का' या संगणकीय पद्धती प्रमाणित झाल्या. मूळ ध्वनी आणि पोहोचलेला ध्वनी यांची तुलना करून श्रोत्यांनी किती गुण दिले असते, याचा त्या अंदाज बांधतात. अंतिम निकष मात्र माणसाचा कानच.

आवाज बिघडतो कसा? जुन्या पद्धतीच्या दूरध्वनीतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढेच ध्वनी जातात. 'स'ची बरीचशी ऊर्जा त्याहून वरची असते. म्हणून 'साळ' आणि 'फाळ' यांत गफलत संभवते. दुसरे कारण मोबाईलचे. तो बोलण्याचे २० मिलिसेकंदांचे तुकडे करतो, म्हणजे सेकंदाला ५०. कोयना खोऱ्यासारख्या डोंगराळ भागात लहरी क्षीण झाल्या की काही तुकडे गळतात. एखादा गळाला, तर यंत्र आधीच्या तुकड्यावरून पोकळी भरते. सलग अनेक गळाले, तर शब्दच जातो. "पैसे मिळाले नाहीत" यातील शेवटचा शब्द गेला, तर उरलेला आवाज कितीही स्वच्छ असो, अर्थाचा घोटाळा होतो.

म्हणूनच शास्त्रज्ञ आवाजाचा दर्जा आणि शब्दांची सुबोधता या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजतात. सरासरी उत्तम असूनही नेमका महत्त्वाचा शब्द हरवू शकतो.

आपल्या विद्यार्थ्यांना हा प्रयोग सहज करता येईल. 'शाल-साल', 'साळ-फाळ' अशा जोड्यांतील वीस शब्द क्रम बदलून एकाने फोनवर वाचावेत, दुसऱ्याने ऐकून लिहावेत आणि बरोबर शब्द मोजावेत. पालकांनीही निरोप महत्त्वाचा असेल तेव्हा तो मुलाकडून पुन्हा वदवून घ्यावा. बोलणे पोहोचले की नाही, याचा निवाडा ऐकणाराच करू शकतो.