तो सूर्य नाही, बटण आहे

चि. तन्मय,


रक्तदान शिबिराची तू केलेली सूचना सोसायटीच्या ग्रुपवर वाचली. मजकूर नेटका आहे. वार, वेळ, जागा, उपाशीपोटी येऊ नका, सगळं जिथल्या तिथे. पण प्रत्येक ओळीच्या डोक्यावर ते पिवळ्या किरणांचं चिन्ह कशाला? तुला तो सूर्य वाटला असणार. शुभ सकाळवाल्यांनाही वाटतो. अरे, ते स्क्रीनचा उजेड वाढवायचं बटण आहे! उजेड कमी करायचं त्याचं जुळं भावंडही आहे, त्याचे किरण आखूड. दोघं २०१० साली युनिकोडमध्ये शेजारशेजारचे क्रमांक घेऊन आले. लॅपटॉपच्या वरच्या रांगेतल्या कळांवर अशीच जोडी असते. खरा सूर्य इमोजींत वेगळा आहे, अगदी नाकडोळ्यांचासुद्धा.

मग या बटणाचं काम काय, तर समजावून सांगणं. आजी रात्री फोन डोळ्यांना लागतो म्हणून कुरकुरते ना? तिला आखूड किरणांचं चिन्ह पाठव आणि खाली लिही, "वरून खाली बोट ओढ, अशी खूण दिसेल, तिथली पट्टी कमी कर." 'ब्राइटनेस' म्हटलं तर ती तुलाच हाक मारेल, चित्र मात्र तिला ताडून पाहता येतं. फक्त पाठवल्यावर तिच्या फोनवर एकदा बघून घे. प्रत्येक कंपनी हे चित्र आपल्या पद्धतीनं काढते, कुणी त्याला चौकटीतही बसवते.

सूचनेत मात्र ही सजावट नडते. तळमजल्यावरच्या सरांना दिसत नाही, त्यांचा फोन मजकूर वाचून दाखवतो आणि चिन्ह आलं की त्याचं नावही म्हणतो. म्हणजे तुझ्या सूचनेत वेळ कळायच्या आधी त्यांना बटण ऐकावं लागतं, पत्त्याआधी पुन्हा बटण. दिसणाऱ्यांचंही काही भलं होत नाही. सगळ्याच ओळी चमकल्यावर तारीख शोधायची कुठे? वार आणि वेळ ठळक कर, दोन्ही बाजूंना एकेक तारांकन दिलं की होतं. बाकीच्या ओळी साध्या राहू देत.

पाठवून पंधरा मिनिटं उलटली की व्हॉट्सॲपवर मजकूर बदलता येत नाही. तेव्हा जुनी सूचना काढून नवी आजच टाक, आणि संपर्काचा नंबर राहिलाय तोही घाल.

तुझी,
आत्या